ढगांविना वैकुंठ

कुडाळ स्टेशनबाहेर रिक्षात बसून ‘पिंगुळी’ म्हटले की रिक्षावाला विचारतो, "मठात की बाहुल्यांकडे?" मठ म्हणजे राऊळ महाराजांचा. बाहुल्यांकडे म्हणजे गुढीपूरला, गंगावण्यांच्या अंगणात. महामार्गाने जाणारी बहुतेक मंडळी दोन्ही मागे टाकून मालवणचे मासे नाहीतर गोव्याचा किनारा गाठतात. मला देवाचे दर्शन कसे रंगवतात ते पाहायचे होते. भक्ताला, ऋषीला, संताला वरचे जग दिसते तो क्षण कागदावर आणायचा तर चित्रकार काय करतो? वर काय काढतो, खाली काय ठेवतो, हा स्वर्गातला आणि हा पृथ्वीवरचा हे बघणाऱ्याला कसे कळवतो? या प्रश्नाला सिंधुदुर्गात एकच उत्तर मिळत नाही. गावागणिक वेगळे मिळते, आणि त्यांतल्या एकाचा माग काढायचा तर हद्द ओलांडून जुन्या गोव्यापर्यंत जावे लागते.

पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ अशा कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. देवळांमध्ये ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घराण्याने येऊन कथा लावायची, असा रिवाज होता. आश्रय संपला, सिनेमा आला, आणि घरातल्या पोथ्या माळ्यावर गेल्या. परशुराम गंगावणे यांनी त्या खाली काढल्या. स्वतःच्या गोठ्याचे त्यांनी संग्रहालय केले, ते २००६ साली. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ असे त्याचे नाव. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आता हा गोठा होता हे सांगावे लागते, पण छताची उंची अजून गुरांच्या हिशेबाची आहे. आत शिरताना मान लवतेच.

एका कथेची एक पोथी. पोथी म्हटली तरी ती शिवलेली नसते. तीस-पन्नास सुट्या चित्रांचा गठ्ठा, दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी मांडी घालून बसतो, चित्र समोर उभे धरतो, गातो, सांगतो, आणि प्रसंग संपला की चित्र पालटतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. आरंभ गणपतीने, मग शारदा, आणि त्यानंतर रामायण-महाभारतातला किंवा पुराणातला एखादा भाग. चित्रे मांडीवर मावतील एवढीच. रंग लाल, पिवळे, हिरवे, निळे, सपाट भरलेले. भोवती जाड काळी रेघ. चेहरे बहुतेक बाजूने काढलेले, नाक टोकदार, आणि डोळा इतका मोठा की अर्धा चेहरा त्यानेच व्यापलेला.

एकामागून एक चित्रे पाहताना लक्षात आले की इथे आकाश नाही. देव आले तरी ढग नाहीत. प्रकाशाचा झोत नाही, वरून खाली उतरणारा कोणी नाही. देव आणि भक्त एकाच जमिनीवर, साधारण एकाच उंचीचे, एकमेकांकडे तोंड करून उभे. मागे कोरा कागद. हा देव आहे हे कळते ते त्याच्या जागेवरून नव्हे, अंगावरच्या खुणांवरून. मुकुटाचा घाट, हातातले आयुध, अंगाचा रंग, जवळचे वाहन. राक्षसाचे दात आणि मिशा, ऋषीची जटा आणि कमंडलू. झाड म्हणजे पंख्यासारखा पानांचा एक झुबका, आणि तेवढ्यावर अरण्य उभे राहते.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात उणीव वाटते. चित्रकाराला दूरचे-जवळचे दाखवता येत नव्हते, असे म्हणून काही जण पुढे सरकतात. मला तसे वाटत नाही. ही चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी काढलेलीच नव्हती. देवळाच्या सभामंडपात, समईच्या उजेडात, दहा-पंधरा हातांवर बसलेल्या माणसाला दिसावीत म्हणून ती काढली. त्या उजेडात नाजूक ढग आणि फिकट आभाळ कोणाला दिसणार? दिसते ती जाड रेघ, मोठा डोळा आणि लाल रंग. बाकीचे सगळे कथेकऱ्याच्या गळ्यात. तो ‘वैकुंठ’ म्हणाला की कोरा कागद वैकुंठ होतो, ‘लंका’ म्हणाला की लंका. चित्र आणि शब्द यांची ही वाटणी जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात लिहवलेल्या ‘मानसोल्लासा’त चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. पिंगुळीचे कागद तेवढे जुने नाहीत, रीत मात्र तीच.

दर्शनाच्या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते. दोघेही बाजूने काढलेले असल्यामुळे देव भक्ताकडे पाहतो आणि भक्त देवाकडे. आपल्याकडे कोणीच पाहत नाही. देवळातली मूर्ती समोर पाहते, कारण तिथे दर्शन आपल्याला घ्यायचे असते. इथे दर्शन दुसऱ्याला झालेले आहे आणि आपण बाजूला बसून ते ऐकतो आहोत. संताला जे दिसले ते आपल्याला दिसत नाही, त्याला दिसले एवढेच दिसते. हा फरक पिंगुळीच्या चित्रकाराने कुठे लिहून ठेवला नाही. डोळा कुठे वळवायचा एवढे ठरवून तो गप्प बसला.

पोथीची पूजा होते. फाटली, विरली तर रद्दीत टाकत नाहीत, पाण्यात सोडतात, असे सांगतात. त्यामुळे बऱ्याच जुन्या पोथ्या आज उरल्या नाहीत, याची खंत संशोधकांना वाटते. भक्ताच्या बाजूने पाहिले तर मूर्तीचे जे करायचे तेच पोथीचे केले, त्यात वावगे काय?

त्याच रीतीचा दुसरा नमुना रात्री पाहायला मिळतो, पण त्यासाठी कार्तिकानंतर यावे लागते. गावोगावच्या जत्रांत दशावतार लागतो. वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, चेंदवणकर अशी मंडळे गावाच्या नावाने ओळखली जातात. पालखी देवळाभोवती फिरून आली की मध्यरात्री खेळ सुरू होतो. रंगमंचावर पडदा नाही, देखावा नाही. एक लाकडी बाक, बस्स. त्यावर इंद्र बसला की तो स्वर्ग, शंकर बसला की कैलास, आणि पुढच्या प्रवेशात राजा बसला की राजवाडा. देव कुठून येतो? बाजूच्या खोलीतून, चालत. आधीच्या ‘आड दशावतारा’त काळ्या वेषातला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासूर येतो. वेद चोरणारा हा दैत्य पक्क्या मालवणीत गावातल्या कोणाकोणाची टर उडवतो, आणि विष्णू मात्र फारसे न बोलता येऊन त्याला संपवतो. लोकांना जास्त कोण आवडतो ते हशावरून कळते. इथेही देवत्व उंचीत नाही, खुणांत आहे. मुकुट, शेला, रंगवलेला चेहरा आणि हातवारे.

सावंतवाडीला गेले की खुणांचा हा व्यवहार आणखी पुढे जातो. मोती तलावाच्या काठी जांभ्या दगडाचा राजवाडा आहे, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला. त्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर मांडी घालून गंजिफा रंगवत असतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. हा खेळ मुघलांबरोबर इराणकडून आला. १५२७ मध्ये बाबराने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफेत आठ रंग आणि ९६ पत्ते. त्यांत तलवारी, नाणी, गुलाम असा दरबारी सरंजाम. आपल्याकडच्या लोकांनी तो खेळ घेतला आणि त्यात देव बसवले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२०.

राजाच्या पानावर अवतार स्वतः असतो. पण मला खरी गंमत वाटली ती खालच्या पानांची. तिथे देव नाही, नुसती त्याची खूण आहे. मत्स्याचे पाच म्हणजे पाच मासे. कूर्माचे सात म्हणजे सात कासवे. वामनाचे कमंडलू, परशुरामाचे परशू, रामाचे बाण. तीन बाण हातात आले की खेळणाऱ्याने ‘रामाचे तीन’ म्हणायचे. दिवसा खेळ रामाच्या पानाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. पाच रंगांत दहाचे पान मोठे आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, त्यामुळे लक्ष जरा ढळले की डाव गेला. पत्त्यांच्या व्यसनाला धर्माची सोय करून द्यावी तर अशी. दुपारभर खेळलो म्हणण्यापेक्षा दुपारभर नामस्मरण केले म्हणता येते.

ही कलाही बुडता बुडता राहिली. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली, राणी स्वतः रंगवायला शिकल्या, आणि राजवाड्यातच काम सुरू झाले. कागदाचे थर, चिंचोक्याची खळ, खडू, मग रंग आणि लाख. राजाचे पान रंगवताना कारागीर अवताराभोवती छोटा मंडप काढतो, खांब, कमान, वर झालर. वैकुंठ हवे असेल तर तो मंडप वैकुंठ. बोटभर रुंदीच्या वर्तुळात ढग काढायला जागा नाही, आणि गरजही पडलेली नाही. खूण पुरते.

मालवणात होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारे सगळे शिवराजेश्वराच्या देवळात डोकावतात. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये ते बांधले. आतली शिवाजी महाराजांची मूर्ती चित्रांत पाहिलेल्या महाराजांसारखी नाही. दाढी नाही, डोक्यावर जिरेटोपाऐवजी इथल्या दर्यावर्दी माणसाच्या टोपीसारखे काहीतरी. किल्ल्यातच घुमटीखाली हाताचा आणि पायाचा ठसा जपला आहे, तो महाराजांचाच मानतात. बरोबरचे पर्यटक मूर्तीपाशी जरा गोंधळतात आणि ठशांपाशी हात जोडतात. चेहरा ओळखू आला नाही तरी खूण ओळखू येते.

किल्ल्यावरून परतल्यावर बाजारातल्या एका खाणावळीत जेवायला बसलो आणि समोरच्या भिंतीवर ते आकाश भेटले, जे पिंगुळीला नव्हते. तुकाराम महाराजांच्या वैकुंठगमनाचे जुने कॅलेंडर. तारखांचा भाग केव्हाच फाडून टाकलेला, चित्र तेवढे काचेत बसवलेले. मालक म्हणाला, "बापाशीन लावलेला हा, काढूचा नाय." निळे आभाळ, कापसासारखे ढग, त्यांतून उतरलेले गरुडाच्या आकाराचे विमान. तुकोबा पांढऱ्या धोतरात, गळ्यात वीणा, हातात चिपळ्या. वर उजेडाचा झोत, खाली इंद्रायणीचा काठ, टाळकरी, वर केलेले हात. फाल्गुन वद्य द्वितीयेला, १६५० साली, तुकोबा सदेह वैकुंठाला गेले ही श्रद्धा महाराष्ट्रभर आहे, आणि हे चित्र तिचे घरगुती रूप झाले आहे. १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये दामले-फत्तेलालांनी विष्णुपंत पागनिसांना गरुडविमानातून नेले तेव्हा प्रेक्षकांनी चित्रपटगृहात हात जोडले, असे जुने लोक सांगत.

चित्र नीट पाहिले तर त्याची रचना दोन मजली आहे. वरचा मजला उजेडाचा, खालचा मातीचा. मधली जागा ढगांनी भरलेली. संत खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर चाललेला, आणि त्याची नजर वर. खालच्या माणसांचीही नजर वर. वर म्हणजे पवित्र, खाली म्हणजे संसार, हे चित्राच्या उभ्या रेषेनेच सांगितले आहे. कथेकरी लागत नाही. आठ वर्षांच्या पोराला शब्दाविना कळते की हा माणूस स्वर्गात निघाला.

हे आभाळ आपल्या चित्रांत आले कुठून? आकाशातले देव आपल्याला नवे नाहीत. अजिंठ्यात गंधर्व उडतात, जुन्या शिल्पांत विद्याधर माळा घेऊन वरच्या कोपऱ्यांत तरंगतात, पुराणांत तर पुष्पवृष्टी पदोपदी होते. पण ढगांची पायरी, त्यांतून फुटलेला झोत आणि मान मागे टाकून वर पाहणारा संत हा साचा वेगळा आहे. कॅलेंडरांपर्यंत तो आला तो मुंबईची जे. जे. कलाशाळा, नाटकांचे रंगवलेले पडदे, पुण्याची चित्रशाळा आणि १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला रविवर्मा प्रेस यांच्या मार्फत. त्याआधीही तो एकदा येऊन गेला होता, समुद्रातून. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० मध्ये अकबराच्या दरबारी चित्रांकित बायबल घेऊन पोहोचले, आणि पुढच्या काही दशकांत मुघल चित्रांत बादशहाच्या डोक्यामागे प्रभावळ आणि वर ढगांत पंखवाली बालके दिसू लागली.

ते मूळ पाहायचे तर मालवणहून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी करत जुन्या गोव्याला जावे. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना तो रस्ता तोंडपाठ आहे. ३ डिसेंबरच्या फेस्ताला वेंगुर्ले-सावंतवाडीकडून माणसे लोटतात, कारण ‘गोंयचो सायब’ म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर हद्द मानत नाही.

त्याची पेटी जिथे आहे त्या बॉम जेझू चर्चची बांधणी १५९४ ते १६०५ मधली. बाहेरून गिलावा नसलेला लाल जांभा, आपल्या राजवाड्याच्याच जातीचा. झेवियरची चांदीची पेटी बघायला गर्दी उजवीकडे वळते. मी मधल्या वेदीसमोर थांबलो. तिथे लोयोलाचा इग्नेशियस उभा आहे, जेझुइट संघाचा संस्थापक. सोन्याच्या मुलाम्याने मढलेली, जमिनीपासून छतापर्यंत गेलेली ती वेदी रंगीत चित्रापेक्षा जास्त बोलते. सर्वांत खाली बाल येशू. त्याच्यावर दीड पुरुष उंचीचा इग्नेशियस, नजर वर. त्याच्यावर सूर्यासारखे किरण फेकणारे वर्तुळ, आणि त्यात तीन रोमन अक्षरे, येशूच्या ग्रीक नावातली पहिली तीन. हे जेझुइटांचे बोधचिन्ह. आणि सगळ्यांच्या वर त्रैक्य: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा.

इग्नेशियसची ही वर लागलेली नजर युरोपभर रंगवली गेली. तिच्यामागे एक घटना आहे. १५३७ च्या नोव्हेंबरात तो दोन सोबत्यांबरोबर रोमला पायी चालला होता. रोमच्या अलीकडे ला स्टोर्टा नावाच्या ठिकाणी एका लहान प्रार्थनामंदिरात त्याला दर्शन झाले. खांद्यावर क्रूस घेतलेला येशू, शेजारी पिता, आणि पिता त्याला पुत्राच्या हाती सोपवतो आहे. युरोपातले चित्रकार हा प्रसंग अगदी दोन मजली काढत: खाली गुडघे टेकलेला प्रवासी, काठी आणि टोपी बाजूला पडलेली, वर ढगांच्या कड्यावर पिता-पुत्र. गोव्याच्या वेदीत तो प्रसंग जसाच्या तसा नाही. क्रूस वाहणारा येशू नाही, ढगांचा कडा नाही. संत आणि देव यांच्या मध्ये चक्क नावाची खूण बसवली आहे. संताची नजर सरळ वर गेली तर ती आधी त्या किरणांच्या वर्तुळाला लागते, त्रैक्य त्याच्या पलीकडे.

ही मांडणी ठरवली युरोपातल्या पाद्र्यांनी आणि कोरली इथल्या कारागिरांनी. पिंगुळीची पोथी, गंजिफेचे पान आणि खाणावळीतले कॅलेंडर डोक्यात घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो तेव्हा ती मला परकी वाटली नाही. रचना कॅलेंडरासारखी उभी, मजल्यामजल्यांची. पण मधल्या वर्तुळात जे आहे ते गंजिफेच्या रीतीचे: देवाऐवजी त्याची खूण. जवळच्याच सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये वेदीच्या बाजूंना संताच्या आयुष्यातले प्रसंग लाकडी फळ्यांवर ओळीने रंगवले आहेत. पोथी उलगडून भिंतीला लावली तर अशीच दिसेल. ते चर्च आता पुरातत्त्व खात्याकडे आहे, फळ्या पाहणारे पुष्कळ येतात, सांगणारा कोणी नसतो.

बॉम जेझूमध्ये तशी अडचण नव्हती. माझ्या पुढच्या बाकावर वेंगुर्ल्याकडून आलेली एक आजी नातवाला घेऊन बसली होती. फेस्ताच्या आधीचे नोव्हेनाचे दिवस, त्यामुळे बाक भरत चालले होते. पोराने वेदीकडे बोट केले.

"आजी, तो खंय बघता?"

"देवाच्या नावाक."

"आणि देव खंय?"

"त्येच्या वर. तिघे आसत, दिसतत मां?"

पोराने मान वाकडी करून वरपर्यंत पाहिले, पुन्हा खाली आला. "मगे तो नावाकडेच कित्याक बघता? देव वर आसा तर!"

आजीने उत्तर शोधल्यासारखे केले. तेवढ्यात घंटा झाली आणि ती सुटली.

"गप ऱ्हव. मीस सुरू झाला."